रबरी कातड्यातली आई

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याभोवतीच्या डोंगरातला कुठलाही काळा कातळ घ्या, वजनानं जवळजवळ निम्मा तो सिलिका असतो. त्याच्या पोकळ्यांत सापडणारी पांढरी गारगोटी तर निव्वळ सिलिकाच. अशा दगडाला जीव असता, तो कातळ पोखरत डोंगराच्या पोटात हिंडला असता तर? ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेचा ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग या कल्पनेवर उभा आहे. 9 मार्च 1967 रोजी तो तिकडे पहिल्यांदा दाखवला गेला. आपल्याकडे ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. मूळ मालिकेच्या 79 भागांत याहून भव्य आणि चलाख भाग आहेत. पण मनाला इतका भिडणारा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याचं श्रेय जितकं लेखकाचं, तितकंच एका सोंग घेणाऱ्याचं.

यानोश प्रोहास्का हे त्याचं नाव. हंगेरीत जन्मलेला हा कलाकार अस्वलं, माकडं, परग्रहावरचे प्राणी यांची कातडी स्वतः तयार करायचा आणि स्वतःच त्यांत शिरायचा. ‘द आउटर लिमिट्स’ या मालिकेत त्यानं एका अजस्र सूक्ष्मजीवाचं सोंग घेतलं होतं. तेच थोडं बदलून तो ‘स्टार ट्रेक’च्या मंडळींकडे घेऊन आला, अंगावर चढवलं आणि जमिनीवरून सरपटत निघाला. निर्माते-लेखक जीन कून यांनी ते पाहिलं आणि या प्राण्यासाठी कथा लिहायला घेतली. पात्र आधी आलं, गोष्ट मागून. एरवी अशा क्रमाला आपण नावं ठेवतो, पण कून यांनी त्या आकाराकडे नीट पाहिलं. त्या रबरी ढिगाला चेहरा नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. भीती घालायला जबडासुद्धा नाही. आहे ते फक्त जमिनीला अंग घासत पुढे सरकणारं एक जड शरीर. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणी राक्षस उभा केला असता. कून यांनी आई उभी केली.

गोष्ट एका दूरच्या ग्रहावरच्या खाणीत घडते. कामगार एकामागून एक जळून मरताहेत, कुणीतरी अंधारातून येतं आणि खडकातून आरपार निघून जातं. अंतराळयानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक मदतीला येतात. सुरुवातीलाच खाणीच्या प्रमुखाच्या टेबलावर एक गोल गोटा दिसतो. खालच्या थरात असे हजारो आहेत, काही कामाचे नाहीत, असं तो सांगतो. स्पॉक गोटा उचलून निरखतो आणि प्रसंग पुढे सरकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती टेबलावरची शोभेची वस्तू वाटते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र तिथून नजर हलत नाही, कारण तोवर आपल्याला माहीत झालेलं असतं की ते अंडं आहे आणि खाणकामगारांनी अशी हजारो फोडली आहेत. ज्याला खुनी म्हणून शोधायला निघालो, तो हॉर्टा नावाचा प्राणी म्हणजे तिच्या जातीची एकटी उरलेली आई आहे.

मला सर्वांत आवडतो तो मधला उलटफेर. प्राणी दिसताक्षणी मारा, असा कर्कचा हुकूम असतो आणि स्पॉक दबकत दबकत त्याला जिवंत पकडण्याची बाजू मांडतो. पुढे बोगदा ढासळतो, कर्क एकटा हॉर्टासमोर सापडतो. तिच्या अंगावर जखम आहे, ती हल्ला करत नाही. तो हत्यार रोखून धरतो, पण चालवत नाही. आणि आता मित्राच्या जिवाला घोर लागलेला स्पॉक पलीकडून सांगतो, मारा तिला. दोघांनी जागा बदलल्या, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पटकथेतला हा संयम फार मोलाचा आहे.

याच भागाचं चित्रीकरण चालू असताना कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनरला वडील गेल्याची बातमी कळली. विमानाला वेळ होता, तोवर तो काम करत राहिला. मग अंत्यविधीसाठी गेला. तो नसताना काही दृश्यं पाठमोरा बदली माणूस उभा करून घेतली गेली. दुसऱ्याच्या मनाशी मन जोडू शकणारा स्पॉक हॉर्टाच्या मनात शिरतो, ते दृश्यही त्याच काळात चित्रित झालं. पुढे शॅटनरनं हाच आपला सर्वांत आवडता भाग असल्याचं सांगितलं.

त्या दृश्यात स्पॉक झालेला लिओनार्ड निमॉय रबरी पाठीवर तळवे टेकतो आणि वेदनेनं ओरडतो. कायम भावना आवरून बोलणारा स्पॉक इथे तिची वेदना, तिचं एकटेपण स्वतःच्या घशातून बाहेर काढतो. सोंगाला चेहरा नव्हता, म्हणून नटाला आपला चेहरा द्यावा लागला. महागडं, डोळे मिचकावणारं यंत्र त्या जागी असतं तर हे दृश्य घडलंच नसतं. बोगद्याची जमीन स्टुडिओची सपाट फरशी आहे, हे लपत नाही. पण त्या जिवाच्या दुःखापुढे मला ती फरशी दिसत नाही.

त्याआधी हॉर्टा दगडावर तीन मोडके शब्द जाळून लिहिते. मला मारू नका अशी ती विनवणी आहे, की मी मारणार नाही असं वचन? कर्कलाही कळत नाही. इतक्या कमी अक्षरांत इतका मोठा पेच फार थोड्या लेखकांना साधला आहे.

शेवट मात्र घाईचा. हॉर्टाची पिल्लं बोगदे खोदतील आणि कामगार खनिज उचलतील, असा दोघांच्या फायद्याचा करार होतो आणि सगळे खूश होतात. मेढ्याच्या जावळी तालुक्यात, रानाशेजारी राहणाऱ्याला हे इतकं सोपं वाटणार नाही. 2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. साताऱ्यापासून सांगलीतल्या शिराळ्यापर्यंत रानाला लागून गावं आहेत. गवा शेतात शिरतो, बिबट्या गोठ्यापाशी येतो. गव्याशी नफ्याचा करार करता येत नाही, आणि ज्याचं पीक गेलं त्याचा राग खोटा नसतो. कून यांनीही कामगारांना दुष्ट केलेलं नाही. त्यांचे सोबती मेले आहेत, ते लाठ्या घेऊन धावतात, आणि आपण फोडलं ते काय होतं हे कळल्यावर तेच थिजून उभे राहतात.

म्हणून मेढ्या-बामणोलीकडच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : हा भाग मुलांना दाखवा, मध्ये थांबवून मराठीत समजावून सांगा, आणि तो करार पटतो का हे त्यांनाच विचारा. भाग जेमतेम पन्नास मिनिटांचा आहे, शाळेच्या दोन तासांत आरामात बसतो.