दुर्गचित्रे, शिळामुद्रित
एकोणिसाव्या शतकात भारतात आलेल्या यूरोपीय चित्रकारांनी व लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेल्या डोंगरी किल्ल्यांच्या छापील दृश्यांना ही संज्ञा सरसकट लावली जाते. मात्र ती काटेकोर नाही. तेलकट खडू व पाणी यांच्या परस्परविरोधावर आधारलेले शिळामुद्रण आलोइस झेनेफेल्डर याने १७९८ च्या सुमारास सिद्ध केले. तथापि ग्रिंडलेच्या सीनरी, कॉस्ट्यूम्स अँड आर्किटेक्चर या संग्रहातील (१८२६–३०) दृश्ये ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत, तर रॉबर्ट एलियटच्या व्ह्यूज इन द ईस्टमधील (१८३३) पोलादी पत्र्यावर कोरलेली आहेत. फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) याचा स्केचेस इन द डेक्कन (१८३७) हा संग्रह मात्र खऱ्या अर्थाने शिळामुद्रित होय.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. एलियटची रेखाटने प्राउट, स्टॅनफील्ड प्रभृती चित्रकारांनी इंग्लंडमध्ये नव्याने रंगविली व नंतर ती कोरली गेली. भारत न पाहिलेल्या या हातांनी त्यांना तत्कालीन निसर्गचित्रणाच्या संकेतांत बसविले. शिळेवर खडूची रेघ जशीच्या तशी उमटत असल्याने मधले टप्पे कमी होतात. तरीही टेलरची रेखाटने लंडनमध्ये इतरांनीच शिळेवर उतरविली.

ग्रिंडले व एलियट या दोघांच्याही संग्रहांत असलेला देवगिरी (दौलताबाद) या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याचा तळकडा माणसांनी तासून उभा केलेला आहे. खंदक व अंधारी भुयारी वाट हे त्याच्या संरक्षणाचे मर्म. दूरदृश्यात खंदक व वाट दिसत नाहीत आणि तासलेला कडा नैसर्गिकच भासतो. परिणामी दख्खनी स्थपतींचे कर्तृत्व निसर्गाच्या खाती जमा होते.

या संग्रहांचा काळही महत्त्वाचा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर इंग्रजांनी अनेक गडांचे दरवाजे, वाटा व टाकी निकामी केली. लष्करी सामर्थ्य हरपलेला गड मग प्रेक्षणीय ठरला. टेलर पुढे १८५३ मध्ये सोलापूरनजीकच्या नळदुर्ग जिल्ह्याचा अधिकारी झाला. तेथील बोरी नदीवरील बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल हेही दुर्गरचनेचे अंग होय; केवळ तटबुरुजांच्या चित्रातून ते कळत नाही.

म्हणून या चित्रांकडे गडांचा पुरावा म्हणून पाहताना मूळ रेखाटन, मधला हात व मुद्रणपद्धती यांची शहानिशा आवश्यक ठरते. विजेत्यांच्या नजरेचा पुरावा म्हणून मात्र त्यांचे मोल निर्विवाद आहे.