‘अस्तु’च्या निमित्ताने

म्हाताऱ्या बापाचे दुःख मराठी प्रेक्षकाला नवे नाही. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’ने ते घरोघरी नेले. परंतु तेथे पडदा पडताना प्रेक्षकाला मुलांवर रागावण्याची सोय असते, आणि रागावता आले म्हणजे दुःख पुष्कळसे हलके होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात ही सोयच काढून घेतली आहे. येथे कोणीही दुष्ट नाही, तरीही घर मोडकळीला आलेले आहे.

चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर शब्दांवर जगलेला हा माणूस अल्झायमरच्या विकाराने एकेक शब्द गमावीत चालला आहे. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी बाजारात जाते. तेवढ्यात रस्त्यावर हत्ती दिसतो, आणि शास्त्रीबुवा लहान मुलासारखे त्याच्यामागून चालू लागतात. कथानक म्हणाल तर एवढेच. या विकारात कालपरवाचे आधी पुसले जाते आणि बालपणी घोकलेले मागे उरते, ही वैद्यकातली गोष्ट चित्रपटाने नेमकी पकडली आहे. श्लोक ओठांवर येतो. समोरची मुलगी मात्र ओळखू येत नाही. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी हा रोगी कोठेही केविलवाणा होऊ दिलेला नाही.

माहुताची बायको चन्नम्मा ही कानडी बोलणारी, फिरस्तीवरची बाई. शास्त्री तिला ‘आई’ म्हणतात आणि ती आई होते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. पण माझी तक्रार आहे ती येथेच. चन्नम्माच्या वाट्याला हा म्हातारा फार थोडा काळ येतो. इराच्या वाट्याला तो वर्षानुवर्षे आहे: रोज तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच जागलेली रात्र. गरिबाच्या चुलीपाशी माया आणि सुशिक्षिताच्या घरी चिडचिड, अशी वाटणी चित्रपट मुद्दाम करीत नसेलही, पण प्रेक्षक ती करूनच बाहेर पडतो. इरावती हर्षे यांनी इराचा थकवा इतका खरा केला आहे, की तिच्यावर हा अन्याय होतो असे मला राहून राहून वाटले.

हे मी तटस्थपणे लिहितो आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. माझी आई शेवटच्या दोन वर्षांत दिवेलागणीला पिशवी भरून दाराशी बसत असे, आणि ‘मला घरी सोडा’ म्हणत असे. ती मला दादा म्हणे. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, केव्हाच वारलेला. “अगं, मी तुझा मुलगा,” हे मी तिला कितीदा बजावले असेल! प्रत्येक वेळी ती घाबरून गप्प होई. चन्नम्मा शास्त्रींना एकदाही दुरुस्त करीत नाही. आई गेल्यानंतर मी हा चित्रपट पाहिला. चन्नम्माला कानडीतून सहज साधले, ते मला माझ्या मराठीत साधले नव्हते.