लोखंडाच्या नगरीतील तंबू : फेरोपोलिस या खाण-संग्रहालयाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

औद्योगिक वारसा ही संकल्पना आपल्याकडील विद्यापीठीय चर्चेत अलीकडे रुळली असली, तरी तिचा विचार प्रामुख्याने गिरण्या, रेल्वे स्थानके आणि जुने पूल यांच्याभोवतीच फिरतो. इमारत जतन करता येते. यंत्रही जतन करता येते. परंतु खाण कशी जतन करावयाची, हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. खाण ही वस्तू नसून वस्तूचा अभाव आहे. जे होते ते काढून नेल्यानंतर जे उरते त्याला आपण खाण म्हणतो. या अभावाचे संग्रहालय करण्याचा एक धाडसी प्रयोग जर्मनीतील झाक्सन-आनहाल्ट राज्यात, डेसाऊ आणि विटेनबर्ग या दोन शहरांच्या दरम्यान ग्रेफेनहाइनिखेन या गावाजवळ झाला. फेरोपोलिस, म्हणजे लोखंडाची नगरी, हे त्याचे नाव. हजारो तरुण तंबू ठोकून तेथे तीन-तीन रात्री मुक्काम करतात, ही बाब संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने सहसा दुय्यम किंवा निव्वळ व्यापारी मानली जाते. प्रस्तुत लेखात हा मुक्कामच चिकित्सेचा विषय केला आहे. कारण या संग्रहालयाचे बळ आणि त्याची लबाडी ही दोन्ही तेथेच उघड होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खाणीची पार्श्वभूमी :

गोल्पा-नोर्ड ही लिग्नाइटची उघडी खाण पूर्व जर्मनीच्या काळात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि १९९१ साली बंद पडली. या परिसरातील लिग्नाइट चोर्नेविट्स व फोकेरोडे येथील वीजकेंद्रांत जळत असे. चोर्नेविट्सचे केंद्र पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१५ साली उभे राहिलेले. म्हणजे या भागातील खाणकामाला गोल्पा-नोर्डच्या कितीतरी आधीचा इतिहास आहे. लिग्नाइटमध्ये पाण्याचे प्रमाण फार असल्याने तो दूर वाहून नेणे परवडत नाही. म्हणून वीजकेंद्र खाणीच्या उशाशी असते आणि खाण सतत सरकत राहते. पुढच्या बाजूला उत्खननयंत्र जमीन खात जाते. वरची माती, जिला खाणीत ओव्हरबर्डन म्हणतात, ती मागच्या बाजूच्या रिकाम्या खड्ड्यात दुसरे यंत्र पसरत जाते. खाण अशी एखाद्या प्रचंड प्राण्याप्रमाणे प्रदेशावरून चालत जाते आणि वाटेत जे येईल ते गिळते. ग्रेमिन हे खेडे असेच १९८० च्या दशकाच्या प्रारंभी गिळले गेले.

जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडील लिग्नाइट उद्योग कोसळला. १९८९ च्या सुमारास या उद्योगात एक लाखाहून अधिक माणसे काम करीत होती; पुढील काही वर्षांत त्यांतील फारच थोड्यांचे काम टिकले. बंद खाणीतील यंत्रे भंगारात काढणे हा सर्वमान्य मार्ग होता. त्याला हरकत घेतली ती डेसाऊच्या बाउहाउसने. रोल्फ कून हे तेव्हा तेथील संचालक होते. बाउहाउसमध्ये आकाराला आलेल्या ‘औद्योगिक उद्यानभूमी’ या कल्पनेतून पाच अवाढव्य यंत्रे वाचविण्यात आली आणि १४ डिसेंबर १९९५ रोजी फेरोपोलिसची स्थापना झाली. यंत्रांचे एकत्रित वजन सुमारे ७००० टन. उंची ३० मीटरपर्यंत, लांबी १२० मीटरपर्यंत. बेकार झालेल्या खाणकामगारांपैकी काहींना रोजगारनिर्मितीच्या योजनांखाली या उभारणीत काम मिळाले. पाचही यंत्रे एका रंगमंडलाभोवती उभी केली गेली. या रंगमंडलात सुमारे २५ हजार प्रेक्षक मावतात. हॅनोव्हर येथील २००० च्या जागतिक प्रदर्शनाशी हा प्रकल्प जोडला गेला, आणि त्याच वर्षी खड्ड्यात मुल्डे नदीचे पाणी सोडण्यास आरंभ झाला. त्या पाण्याचे आता सरोवर झाले असून फेरोपोलिस त्यातील एका द्वीपकल्पावर उभे आहे.

नावांचा प्रश्न :

पाच यंत्रांना मॅड मॅक्स, बिग व्हील, जेमिनी, मेड्यूसा आणि मॉस्किटो अशी नावे आहेत. पहिले नाव १९७९ च्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाची आठवण करून देणारे, दुसऱ्यात जत्रेतला पाळणा, तिसरे राशीचक्रातले, चौथे ग्रीक पुराणातील नजरेने दगड करणाऱ्या स्त्रीचे, पाचवे डासाचे. काम करीत असताना या यंत्रांना क्रमांक होते; कामगार त्या क्रमांकांनीच त्यांना ओळखत. नामकरण हे येथे जतनाचे पहिले साधन ठरले, हे मान्य केले पाहिजे. क्रमांकाला वाचवा असे म्हणून कोणी निधी देत नाही. तथापि, नव्या नावांतले एकही यंत्राने काय केले हे सांगत नाही. यांतील काही यंत्रे जमीन खोदणारी, काही माती पसरणारी. एक जखम करणारे, दुसरे ती बुजविणारे. खाणीचे सारे व्याकरण या फरकात आहे आणि नेमका तोच फरक नावांनी पुसला आहे. चित्रपटातील राक्षस, पुराणातील राक्षसी आणि डास हे सारे एका पंगतीत बसतात, आणि पाहणाऱ्याला उरते ते केवळ आकारमान.

येथे तुलना करण्याजोगे एक उदाहरण अगदी शेजारी आहे. डेसाऊ-वोर्लिट्स येथील उद्यानभूमी, जिला २००० साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तेथे राजपुत्र फ्रान्सने अठराव्या शतकाच्या अखेरीस एक कृत्रिम ज्वालामुखी बांधविला. इटलीत पाहिलेला व्हेसुव्हियस आपल्या प्रजेला दाखवावा, हा त्यामागील हेतू. आत आग पेटवून आणि वरून पाणी सोडून लाव्हारसाचा भास निर्माण केला जाई. म्हणजे तेथे खोटी वस्तू खऱ्या ज्ञानासाठी उभी केलेली आहे. फेरोपोलिसमध्ये परिस्थिती बरोबर उलट होते : वस्तू शंभर टक्के खरी, पण रात्रीच्या रंगीत प्रकाशझोतांत ती चित्रपटाच्या नेपथ्यासारखी दिसू लागते. ‘औद्योगिक उद्यानभूमी’ या शब्दप्रयोगात वोर्लिट्सचा वारसा उघडपणे सांगितलेला आहे. म्हणूनच हा निकष बाहेरून लादलेला नाही.

तंबूंचा मुक्काम :

मेल्ट हा संगीतमहोत्सव १९९९ पासून येथे भरत असे. २०२४ ची आवृत्ती त्याची अखेरची ठरली. स्प्लॅश हा हिप-हॉप महोत्सव २००९ पासून येथे येतो. महोत्सवाच्या दिवसांत रंगमंडलाबाहेरच्या सपाट जमिनीवर आणि सरोवराच्या काठाने तंबूंची दाट वस्ती उभी राहते व तीन दिवसांत नाहीशी होते. जुन्या वळणाच्या अभ्यासकांना हा वारशाचा अवमान वाटतो. प्रस्तुत लेखक या मताशी सहमत नाही, आणि त्याची कारणे केवळ आर्थिक नाहीत. ७००० टन पोलाद उघड्यावर गंजत असते, त्याला सतत रंग आणि डागडुजी लागते, आणि तो पैसा संग्रहालयाच्या तिकिटांतून कधीच उभा राहणार नाही, हे उघडच आहे. पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा ध्वनीचा आहे.

उघडी खाण ही कधीही शांत जागा नव्हती. तीन पाळ्यांत, रात्रंदिवस, हिवाळ्याच्या गोठवणाऱ्या अंधारातही बादल्यांच्या साखळ्या फिरत असत. वाहक पट्टे, दिवे, धूळ, भोंगे यांच्या सान्निध्यात आसपासची खेडी झोपत किंवा जागत. दुपारच्या शांततेत माहितीफलक वाचत या यंत्रांभोवती फिरणारा पर्यटक खाणीपासून जितका दूर असतो, तितका पहाटे तीन वाजता जमिनीतून येणारा दणदणाट पाठीखाली अनुभवणारा तंबूवासी नसतो. मेल्टमध्ये तर तंबूंच्या जवळ अहोरात्र चालणारे एक नृत्यांगण असे आणि त्याचे नावच निद्रानाशावरून ठेवलेले होते. रात्रपाळीची ही नकळत झालेली नक्कल कोणत्याही प्रदर्शनकक्षात साधली नसती. बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने औद्योगिक वास्तूंची जी प्रसिद्ध छायाचित्रे घेतली, त्यांत माणूस नाही, आवाज नाही, हवामानही जवळजवळ नाही. औद्योगिक वारशाकडे पाहण्याची आपली सवय त्या करड्या शांततेने घडविलेली आहे. तंबूंची वस्ती ती सवय मोडते.

मात्र येथेच थांबता येत नाही. रात्रपाळीचा कामगार जागा राहत असे तो मजुरीसाठी. तंबूतला तरुण जागा राहतो तो तिकीट काढून. हा फरक नैतिक दोषारोपासाठी सांगितलेला नाही. त्यातून एक वेगळी गोष्ट लक्षात येते. तंबू हे निवाऱ्याचे असे रूप आहे की ज्यात राहणारा आपण होऊन येतो आणि आपण होऊन उठतो. ज्या भूमीवर हे घडते त्या भूमीने एका गावाला उठविलेले आहे. ग्रेमिनच्या रहिवाशांना परत येण्याची तारीख दिलेली नव्हती. त्यांच्या गावाचे नाव आज सरोवराला आहे : ग्रेमिनर झे. गावाचे नाव टिकविण्याचा हा प्रयत्न प्रामाणिक असेलही. परंतु परिणाम असा होतो की, ते नाव आता पोहण्याच्या संदर्भात उच्चारले जाते. आपल्याकडे धरणात बुडालेल्या गावांची नावे पुनर्वसित वसाहतींना ‘नवीन’ हे विशेषण लावून दिली जातात. त्यात कृत्रिमता असते, पण निदान नाव माणसांबरोबर जाते. येथे ते पाण्याबरोबर राहिले.

पाण्याखालचे दालन :

फेरोपोलिसच्या मांडणीतील सर्वांत मोठी त्रुटी या सरोवरातच आहे, असे म्हणावे लागेल. खाण हेच जर मुख्य प्रदर्शित असेल, तर ते आता दिसत नाही. यंत्रे दिसतात, त्यांनी केलेले काम दिसत नाही. यात कोणाचा कट नाही. खाण चालू असताना पंपांनी भूजल सतत उपसावे लागते. पंप बंद झाले की पाणी वर येणारच. शिवाय उघड्या पडलेल्या मातीतील गंधकयुक्त खनिजांमुळे ते भूजल आम्लधर्मी होते, आणि हळूहळू चढणारे पाणी काठ पोखरते. नदीचे पाणी झपाट्याने भरणे हा त्यावरील शास्त्रीय उपाय. म्हणजे सरोवर ही सजावट नसून उपचार आहे. पण पोहणाऱ्याला तो उपचार दिसत नाही. त्याला निसर्ग दिसतो.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. १८ जुलै २००९ रोजी याच राज्यातील नाख्टरश्टेट येथे, पाण्याने भरत असलेल्या जुन्या लिग्नाइट खाणीचा काठ एकाएकी खचला. काठावरील वस्तीतील घरे त्यात कोसळली व तीन माणसे मृत्यू पावली. तेही सरोवर पर्यटनाची आशा म्हणून पाहिले जात होते. फेरोपोलिसच्या भूमीविषयी अशी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही खाणीनंतरच्या प्रदेशावर झोपणाऱ्याला ती जमीन मूळची आहे की यंत्राने पसरलेली, पाणी कुठून आले, आणि त्यावर देखरेख करणारी यंत्रणा किती वर्षे काम करीत राहणार, हे कळणे हा संग्रहालयाच्या मूळ कार्याचा भाग आहे. संग्रहालय जुन्या वीज-उपकेंद्राच्या इमारतीत आहे. तंबू मोकळ्या मैदानावर. शिकविण्याची खरी जागा त्या मैदानावर असून, यंत्रांच्या पायथ्याशी असलेल्या माहितीपेक्षा तंबूच्या खुंटीखालच्या मातीची माहिती अधिक मोलाची ठरली असती.

लाउझिट्स भागातील लिश्टरफेल्ड येथे एफ-६० हा ५०२ मीटर लांबीचा माती वाहून नेणारा पूल २००२ पासून पाहण्यास खुला आहे. त्या पोलादी सांगाड्यावरून चालत उंच गेले की, खालचा सारा प्रदेश एका दृष्टिक्षेपात येतो. तेथे यंत्र हे प्रदेश वाचण्याचे साधन बनते. फेरोपोलिसची यंत्रे मात्र रंगमंडलाकडे तोंड करून, एकमेकांकडे पाहत उभी आहेत. नाट्यदृष्ट्या ही रचना प्रभावी आहे यात शंका नाही, परंतु तिने खड्ड्याकडे पाठ फिरविली आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

वेस्टर्न कोलफील्ड्सने २०१६ साली नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे खाण-पर्यटनाचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून हे प्रश्न आपल्यासाठी केवळ परदेशी राहिलेले नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती येथील उघड्या खाणींचे खड्डे आणि मातीचे डोंगर हे जिल्ह्याच्या भूगोलाचा भाग झाले आहेत. आपल्याकडे बगीचा, कारंजी आणि छोटी रेल्वे यांनी खाण झाकण्याकडे कल दिसतो. फेरोपोलिसने निदान यंत्र झाकले नाही. मात्र तेथून उचलायचे ते महोत्सवाचे अर्थकारण नव्हे. ते एका जागी दोन दशके टिकते आणि मग मेल्टसारखे संपूनही जाते. उचलण्याजोगी बाब म्हणजे बंदीनंतर लगेच, यंत्रे आणि माणसे दोन्ही जागेवर असताना घेतलेला निर्णय. १९९१ ते १९९५ या चार वर्षांत तो घेतला गेला नसता, तर पुढे घेण्यासारखे काही उरलेच नसते.

यंत्रांबाबत तो वेळेत झाला. माणसांबाबत मुदत अजून संपलेली नाही, पण फार थोडी उरली आहे. खोदणाऱ्या यंत्राच्या कक्षात बसून दगडाचा थर आणि कोळशाचा थर केवळ पात्यांच्या आवाजावरून ओळखणे, हे ज्ञान कोणत्याही आराखड्यात उतरलेले नसते. गोल्पा-नोर्ड बंद झाली त्या वर्षी पंचविशीत असलेला चालकही आता साठीच्या घरात आहे.