एका वकिलाच्या आईचं पुस्तक

हान्स लिटन हे नाव कुणाला ठाऊक असलंच, तर ते ८ मे १९३१ या एका दिवसामुळे. बर्लिनमधल्या ईडन नृत्यगृहात नाझींच्या टोळीने कामगारांवर हल्ला केला होता. त्या खटल्यात या सत्तावीस वर्षांच्या वकिलाने हिटलरलाच साक्षीला बोलावलं. ‘आमचा पक्ष कायदा पाळतो’ म्हणणाऱ्याला प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. बीबीसीने २०११मध्ये चित्रपट काढला तो यावरच. नाट्य आहे ना त्यात!

हान्सची आई इर्मगार्ड लिटन यांचं १९४०चं ‘बियाँड टिअर्स’ मला जास्त मोलाचं वाटतं, ते पुढच्या पाच वर्षांसाठी. राइखस्टाग जळाली त्याच रात्री हान्सला पकडलं. मग एकामागून एक छावण्या. बाई पाद्र्यांच्या घराण्यातल्या, प्रोफेसरांच्या पत्नी. ओळखी मोठ्या होत्या. युद्धमंत्री ब्लोमबर्ग, बिशप म्युलर, सगळ्यांकडे गेल्या. ज्यांचा तिटकारा, त्यांच्याशीच गोड बोलायचं. याला कुणी लाचारी म्हणेल. मी म्हणणार नाही. पोराला भेटायचं तर दार त्यांच्याच हातात होतं.

पुस्तकात उणं आहे ते एवढंच, की त्यातला मुलगा फार निर्दोष आहे. युद्ध चालू असताना परक्या देशातल्या वाचकांना पटवायचं होतं, हे समजतं. बेंजामिन हेट यांच्या ‘क्रॉसिंग हिटलर’मधला हान्स हट्टी आहे, कधीकधी असह्यसुद्धा. वडील जन्माने यहुदी, पण ख्रिस्ती झालेले; त्यांच्याशी पटत नसलेला हा मुलगा यहुदी तरुणांच्या गटात रमला. डाखाऊत त्याला यहुद्यांच्याच बराकीत टाकलं. मित्र देश सोड म्हणत होते, तेव्हा त्याचं एकच: कामगारांना कुठे पळता येतंय? हा हट्ट वाचला, की आईचे हेलपाटे जास्तच कळतात.

१९३३मध्ये मारहाण करून त्याच्याकडून एका जुन्या खटल्याची माहिती काढून घेतली. त्याने नंतर गेस्टापोला लिहून कळवलं, की आपण सांगितलं ते खोटं आहे. काय भोगावं लागेल हे त्याला माहीत होतं, म्हणून लगेच जीव द्यायचा प्रयत्न केला. तेव्हा वाचला. ५ फेब्रुवारी १९३८ला डाखाऊत गळफासाने गेला. वय चौतीस.