‘लीलावती’ आणि मुलांचा गणितसंवाद

भास्कराचार्यांचे नाव आपल्या समाजात ज्या आदराने उच्चारले जाते, त्या मानाने त्यांचा ग्रंथ मुलांपुढे उघडला जात नाही, ही आमची जुनी तक्रार आहे. इ. स. ११५० च्या सुमारास रचलेली ‘लीलावती’ ही अंकगणिताची पोथी म्हणून ओळखली जाते. प्राथमिक शाळेतील मुलांस विचार करावयास आणि आपसांत वाद घालावयास लावणारे पुस्तक म्हणून ती कितपत उपयोगी पडेल, एवढ्याच दृष्टीने येथे तिचा परामर्श घ्यावयाचा आहे. घटिकापात्रात मोती पडून लीलावतीचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा आम्ही बाजूस ठेवतो. मूळ ग्रंथात ती नाही. फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून ती पसरली.

या ग्रंथाचा खरा विशेष असा की त्यातील गणित कोणास तरी विचारलेले असते. कोठे बालेस, कोठे मित्रास, कोठे व्यापाऱ्यास. समोर ऐकणारा आहे हे आचार्य विसरत नाहीत. कमळांचे उदाहरण घ्यावे. एका राशीतील तिसरा भाग शंकरास, पाचवा विष्णूस, सहावा सूर्यास, चौथा देवीस वाहिला आणि उरलेली सहा कमळे गुरूस अर्पण केली, तर मूळची कमळे किती? शाळेत हे गणित आले की फळ्यावर छेद समान केले जातात, मुले ते उतरवून घेतात, आणि १२० हे उत्तर पदरात पडते. विचार मात्र कोणीच केलेला नसतो. आचार्यांची रीत इष्टकर्माची, म्हणजे सोयीची एखादी संख्या धरून पाहण्याची आहे. साठ धरली तर वीस, बारा, दहा आणि पंधरा मिळून सत्तावन्न जातात व तीन उरतात. उरावयास हवीत सहा, म्हणून साठाची दुप्पट.

ही रीत सांगण्यापूर्वी चौथी-पाचवीतल्या मुलांस आपापली संख्या धरू द्यावी. एखादा तीस धरील. त्याच्या हिशेबात देवीच्या वाट्यास साडेसात कमळे येतात आणि अर्धे कमळ वाहावयाचे कसे, म्हणून वर्गात हशा पिकेल. शिक्षकाने त्या मुलास तेथेच थांबवू नये. हिशेब पुढे नेल्यास दीड उरते. दीडाची चौपट सहा, आणि तिसाची चौपट पुन्हा १२०! खोट्या संख्येपासून निघून सर्वजण एकाच ठिकाणी का पोचतात, हा प्रश्न आता मुलेच विचारतील. त्याचे उत्तर त्यांनी एकमेकांस पटवून देण्यात जो अर्धा तास जाईल, तो आम्ही दहा गणिते सोडविण्याहून मोलाचा समजतो.

परंतु ग्रंथाचा दोषही सांगितला पाहिजे. ‘लीलावती’त रीत आहे, उदाहरण आहे, उत्तरही आहे, रीत खरी का, हे बहुधा नाही. ती उपपत्ती गुरुमुखातून यावी अशी योजना असावी. पुढे ‘ग्रहलाघव’कर्ते गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लिहिलेल्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत उपपत्ती देऊन ही उणीव बरीचशी भरून काढली. तेव्हा केवळ सूत्रे पाठ करवून घेणारा शिक्षक परंपरेचा अर्धाच भाग चालवितो, असे म्हणणे भाग आहे. पाढ्यांस आमचा विरोध नाही. तेराचा पाढा न येणारा मुलगा वादात फार वेळ टिकत नाही! विरोध आहे तो वेगालाच बुद्धी समजण्यास. भारती कृष्ण तीर्थांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वैदिक गणिता’तील रीतीने ९८ गुणिले ९७ क्षणात ९५०६ येतात, पण ९८ मधून ३ वजा का केले, हे न विचारता बक्षीस वाटले, तर मुलाच्या हाती चमत्कार तेवढा उरतो.

वाद मुलांच्या घरच्या बोलीत व्हावा, असाही आमचा आग्रह आहे. पुस्तक मराठी वा इंग्रजी असो, गोव्यातील मुलाचे ‘कित्याक?’ त्याच्या तोंडून सहज निघते, आणि गणितास त्याच शब्दाची गरज आहे.

आमच्या वाचकांस सर्वांत जवळचे वाटेल असे उदाहरण ग्रंथाच्या अखेरीस, अंकपाश प्रकरणात आहे. श्रीहरीच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांची अदलाबदल केल्यास मूर्ती किती होतील? संध्येतील केशवादी चोवीस नामे घरोघर म्हटली जातात. पण ती चोवीसच का, हे मुलांस क्वचितच कोणी विचारते. कोणत्या क्रमास कोणते नाव द्यावे याविषयी ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत. संख्येविषयी मात्र ते संभवत नाहीत. मुले प्रथम वाटेल तशी चित्रे काढतील. कोणाची सतरा भरतील, कोणाची वीस, आणि काही तर दोनदा आलेली असतील. ‘आता एकही राहिली नाही, हे कशावरून?’ एवढेच विचारून शिक्षकाने गप्प राहावे. मग कोणी एक शंख एकाच हातात स्थिर ठेवून उरलेल्या तिघांचे सहा प्रकार मांडील; शंखास चार हात, म्हणून सहा चोक चोवीस. शंभूच्या दहा हातांतील दहा वस्तूंचे प्रकार ३६,२८,८०० होतात. ते चित्रांनी मोजणे शक्य नाही, हे कळल्यावरच गुणाकाराची योग्यता मुलांस पटते. आणि दोन हातांत सारखीच कमळे दिली तर चोवीसांचे बारा का होतात? समान अंकांचा हा विचारही आचार्यांनी त्याच प्रकरणात केला आहे. मुलांस तो दुसऱ्या दिवशी द्यावा.