मौनाच्या नोकरीचे आत्मकथन

आत्मचरित्र लिहिणाऱ्याजवळ सामान्यतः रोजनिशी असते, जुनी पत्रे असतात, निदान प्रसंगाला साक्षी असलेले चार स्नेही तरी असतात. शत्रूचे बिनतारी संदेश टिपणाऱ्या लष्करी खात्यात उमेद घालवलेल्या अधिकाऱ्याजवळ यांतले बहुधा काहीच नसते. हाताखालून गेलेला कागद नष्ट करायचा आणि घरीही ओठ मिटून राहायचे, हीच त्याची नोकरी. अशा माणसाने उतारवयात लेखणी उचलली तर ते लेखन कोणत्या कसोटीवर पारखावे? एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम यांच्या ‘द अल्ट्रा सीक्रेट’ (१९७४) या पुस्तकाने हा प्रश्न उभा केला.

विंटरबॉथम हे ब्रिटिश हवाई दलातील ग्रुप कॅप्टन. १९१७ साली त्यांचे विमान पाडले गेले आणि ते जर्मनांचे कैदी झाले. पुढे ते गुप्तवार्ता खात्याच्या हवाई शाखेचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्रावरील सांकेतिक संदेश ब्लेचली पार्क येथे उलगडले जात. ते उलगडणारे हात विंटरबॉथम यांचे नव्हते. उलगडलेला मजकूर सेनापतींपर्यंत सुखरूप पोहोचवण्याची व्यवस्था त्यांची होती. पथकातील अधिकाऱ्याने संदेश सेनापतीस दाखवायचा आणि वाचून होताच तो नष्ट होईल हे पाहायचे. त्या वार्तेवरून हल्ला करायचा, तर आधी टेहळणीचे विमान पाठवायचे, म्हणजे आपण विमानाच्या नजरेस पडलो असे शत्रूस वाटावे. पुस्तकाचा हा भाग अस्सल आहे, कारण तो लेखकाने प्रत्यक्ष अनुभवलेला आहे.

जिथे लेखक आपल्या कामाची सीमा ओलांडतो, तिथे पुस्तक लटके पडते. एनिग्माचे रहस्य एका पोलिश कामगारामुळे हाती आले, अशी कथा ते सांगतात. वस्तुतः १९३२ च्या अखेरीस मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने त्या यंत्राची अंतर्रचना गणिताने शोधून काढली होती, आणि जुलै १९३९ मध्ये पोलंडने ती विद्या ब्रिटिश व फ्रेंचांच्या हवाली केली होती. दुसरा प्रमाद अधिक गंभीर आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहरावर बाँबवर्षाव होऊन ५०० हून अधिक माणसे मेली. त्या शहराचे नाव चर्चिल यांना दुपारीच कळले होते, असे विंटरबॉथम लिहितात. रहस्य राखण्यासाठी शहराचा बळी दिला, ही आख्यायिका त्यातून पसरली. नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांतून दिसते ते निराळेच: त्या रात्री हल्ला लंडनवर होईल अशीच चर्चिल यांची समजूत होती.

मराठी वाचकास हा पेच नवा नाही. बखरीच्या भरवशावर इतिहास रचू नये, अस्सल पत्रे पाहावीत, असा आग्रह इतिहासाचार्य राजवाड्यांनी धरला होता. पानिपतच्या संहाराची वार्ता मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेतील सावकारी पत्रातून पेशव्यांना कळल्याची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. मात्र तिथे पत्र होते. इथे पत्र जाळून झाल्यावर सुमारे तीस वर्षांनी स्मरणाने बखर लिहिली गेली आहे.

म्हणून लेखकास असत्यवादी ठरवणे न्यायाचे होणार नाही. सरकारी दप्तर त्यांच्यासाठी बंद होते आणि वयाची ७५ वर्षे उलटून गेली होती. परंतु सद्हेतूने केलेल्या चुकीचीही किंमत कोणीतरी मोजतोच. इथे ती पोलिश गणितज्ञांनी मोजली, आणि आपल्या माणसांना जाणूनबुजून मरू दिले असे मानत राहिलेल्या कॉव्हेंट्रीकरांनीही मोजली. ‘मला हे ठाऊक होते’ आणि ‘मी हे ऐकले होते’ या दोन वाक्यांतले अंतर लेखकाने राखले असते, तर हेच पुस्तक लहान झाले असते आणि अधिक टिकाऊही. मौन सुटल्यावर बोलण्याचा मोह अनावर होणे मानवी आहे. म्हणूनच अशी आत्मकथने वाचताना लेखक त्या क्षणी कोणत्या खोलीत होता, हे वाचकाने आधी विचारावे.