वेस्सन्तराची कथा आणि श्रोत्यांचा अधिकार

जातककथा म्हणजे बालबोध नीतिकथा, असा समज आपल्याकडे सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. ससा, माकड, कासव यांच्या कथा निवडून त्यांचे संग्रह काढले जातात. परंतु पालि जातकसंग्रहातील 547 वे व अखेरचे महावेस्सन्तर जातक अशा संग्रहांत सहसा आढळत नाही. कारण उघड आहे. दानपारमीच्या पूर्तीसाठी जूजक ब्राह्मणाला पोटची दोन मुले देऊन टाकणारा राजपुत्र आजच्या वाचकाला आदर्श वाटत नाही. हा आक्षेप आम्ही गैर मानत नाही; मात्र तो आधुनिक मनालाच प्रथम सुचला, ही समजूत आम्हास मान्य नाही.

मिलिन्दपञ्हात राजा मिलिन्द नेमका हाच प्रश्न विचारतो : दुसऱ्याला दुःखी करून दिलेल्या दानाचे फळ सुखद कसे असेल? आजारी माणसाला गाडीतून इच्छित स्थळी पोहोचविताना बैलांना कष्ट होतात, तरी पोहोचविणाऱ्यास पुण्य लाभते, असा दृष्टान्त नागसेन देतात. आमच्या मते हा दृष्टान्त अपुरा आहे. बैलांचे कष्ट आणि जाली व कण्हाजिना यांचा आकांत एका मापाने मोजता येत नाहीत. परंतु हा प्रश्न परंपरेने दडपला नाही, तो ग्रंथात जतन केला, हे महत्त्वाचे होय.

खुद्द जातकही हा प्रश्न झाकत नाही. जातकातील गाथा त्रिपिटकाचा भाग आहेत, तर गद्य अट्ठकथेचे आहे. गाथांमध्येच मुलांचा विलाप आहे, मद्दीचा शोक आहे. मुलांना मारहाण होताना पाहून धनुष्य उचलावे आणि मुलांना परत आणावे, असा विचार वेस्सन्तराच्या मनात येतो, हेही तेथेच सांगितले आहे. दाता येथे निर्विकार नाही. ही कथा केवळ दानाची स्तुती करण्यासाठी रचली असती, तर या गाथांची गरजच नव्हती.

या कथेचे खरे जीवन मात्र ग्रंथाबाहेर दिसते. थायलंडमध्ये अयुध्येच्या राजदरबारी 1482 साली तिचे काव्यरूप सिद्ध झाले. तेथे आजही तेरा प्रकरणांत तिचे पठण होते. जूजकाच्या प्रकरणाला श्रोते हसतात, मद्दीच्या प्रकरणाला त्यांचे डोळे पाणावतात. थायलंडच्या ईशान्य भागात व लाओसमध्ये या उत्सवात गावकरी कथेची चित्रे असलेला लांबलचक पट हाती धरून गावाबाहेरून मिरवणुकीने विहारात येतात. वेस्सन्तराला सन्मानाने नगरात परत आणण्याचा हा विधी आहे. पांढरा हत्ती दान केला म्हणून सिवी राष्ट्राच्या प्रजेनेच त्याला हद्दपार करविले होते, हे येथे विसरता येत नाही. मिरवणुकीतील गावकरी तीच प्रजा होतात. ज्याला आपण घालविले, त्याला आपणच परत आणतो. कथेचा निवाडा निरूपणकार करीत नाही. तो श्रोत्यांच्या हाती येतो.

ही रीत आपणास सर्वस्वी परकी मानण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, 5 व्या शतकात, हीच कथा भिंतीवर विस्ताराने रंगविली गेली. तेथे मुलांना घेऊन राजसभेत आलेला जूजक पाहणाऱ्यासही आपली बाजू ठरवावी लागते.

तेव्हा ही कथा अनुकरणीय आहे काय, एवढाच प्रश्न विचारून तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. ती उपदेश करते त्याहून अधिक, न सुटलेला नैतिक पेच समाजाने एकत्र बसून ऐकावा अशी व्यवस्था करते. नागसेनांच्या उत्तराने ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी ही कथा वगळू नये. आपल्या विहारांतून ती संपूर्ण वाचावी, मुलांच्या विलापासह वाचावी, आणि मग मिलिन्दाचा प्रश्न पुन्हा विचारावा. तो विचारण्याचा अधिकार परंपरेनेच आपणास दिला आहे.